मदतीच्या यादीत पक्षाचा रकाना नको



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. भाषणाची सवय नाही, म्हणून एका एक्सेल शीटपासून सुरुवात करतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा आम्ही काही मित्रांनी मदतीची यादी ऑनलाइन ठेवली होती. गाव, कुटुंबं, पाणी, औषधं, एवढे चारच रकाने. तिसऱ्या दिवशी एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याचा फोन आला. "मदत कुणाकडून, असाही रकाना टाका. आणि किटवर साहेबांचा फोटो लावा." आम्ही नाही म्हटलं. त्यांनी कबूल केलेला टेम्पो आलाच नाही. एका गावाला पाणी एक दिवस उशिरा पोचलं. तो एक दिवस मी विसरलेलो नाही.

नेत्यांना वेगळं वागता येत नाही, असं मात्र नाही. 26 जानेवारी 2001 ला गुजरातेत भूकंप झाला. पंतप्रधान वाजपेयींनी आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय समितीचं उपाध्यक्षपद विरोधी पक्षातल्या शरद पवारांना दिलं. 1993 मध्ये किल्लारीच्या भूकंपात पवार मुख्यमंत्री होते. ते काम त्यांनी उभं केलं होतं. वाजपेयींनी पक्ष बाजूला ठेवला आणि अनुभव कामाला लावला.

अमेरिकेचंही पाहा. राष्ट्रीय सेवेच्या कायद्यावर 1990 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या थोरल्या बुश यांनी सही केली. त्यांना हरवून आलेल्या डेमोक्रॅट क्लिंटन यांनी तो मोडीत काढला नाही. 1993 मध्ये वाढवला. त्यातून 'अमेरिकॉर्प्स' ही स्वयंसेवकांची योजना उभी राहिली. 2009 मध्ये डेमोक्रॅट एडवर्ड केनेडी आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी मिळून पुढचा कायदा आणला. 75 हजार स्वयंसेवकांचे 2017 पर्यंत अडीच लाख करायचे ठरलं. पण तेवढा पैसा कधी मंजूरच झाला नाही आणि तो आकडा गाठला गेला नाही. म्हणजे दोन पक्षांनी एका मंचावर येणं ही सुरुवात झाली. खरी परीक्षा बजेटमध्ये असते.

आता आपल्याबद्दल. त्याच पुरात चिखल उपसताना एक काका मला प्रेमाने म्हणाले, "बरं झालं तुम्ही लोक आलात. आता कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही." काकांचं मन साफ होतं. तरी रात्री झोप लागली नाही. मी तिथे चांगल्या मुसलमानाचं सर्टिफिकेट मिळवायला गेलो नव्हतो. शेजारच्या जिल्ह्यात माणसं पाण्यात होती, म्हणून गेलो होतो. खिदमत ही कुणाला दिलेली परीक्षा नाही. नागरिक म्हणून ते आपलं काम आहे, आणि हक्कही.

म्हणून तीनच गोष्टी सांगतो. रक्तदानाची, सफाईची हाक कुठल्याही पक्षाच्या नेत्याने दिली तरी जा. मत कुणाला द्यायचं ते वेगळं. किटवर त्यांचा फोटो नको म्हणताना आपल्या मंडळाचा, मशिदीचा बॅनरही लावू नका. आणि काम संपलं की त्याच नेत्याला विचारा, साहेब, यासाठी बजेटमध्ये किती ठेवलंत?

पुढच्या पावसाळ्याआधी आपापल्या वॉर्डाची यादी तयार ठेवा. रकाने चारच.