लाजरच्या बहिणी

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



एका चित्राची छापील प्रत आणली आहे. हातोहात फिरवा.

बायबलमधली गोष्ट अशी : मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर मरतो. चार दिवसांनी येशू येतो, थडग्यावरची धोंड काढायला लावतो, हाक मारतो आणि लाजर उठतो. रेम्ब्रांटने या प्रसंगाचं चित्र केलं, त्यात हात उंचावलेला येशू सगळ्यांवर उठून दिसतो. मे १८९० मध्ये सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना व्हिन्सेंट व्हॅन गॉगने त्याच चित्राचा एक भाग रंगवला. येशूला त्याने वगळलं. मागे पिवळाधमक सूर्य आहे. लाजरची दाढी व्हिन्सेंटसारखीच तांबूस. हिरव्या झग्यातली एक बहीण हात पसरून त्याच्या तोंडावरचं फडकं काढते आहे. या बहिणींसाठी त्याच्या मनात आर्लच्या दोन ओळखीच्या बायका होत्या : कॅफेवाल्या मादाम जिनू आणि टपाल कर्मचाऱ्याची बायको मादाम रुलॅं.

चमत्कार करणारा गेला, सेवा करणाऱ्या उरल्या, याचा मला आधी आनंद झाला. मग मी अडखळले. बाईच्या सेवेचे गोडवे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोच आहोत. पण थडग्यात बाई असती तर?

शिल्पकार कामीय क्लोदेलला १९१३ मध्ये घरच्यांनी मनोरुग्णालयात घातलं. पुढे डॉक्टरांनी घरी न्यायला सुचवलं, तरी आईने नेलं नाही, भेटायलाही कधी आली नाही. १९४३ मध्ये ती तिथेच वारली. तीस वर्षं!

बऱ्या झालेल्या बाईला घरी पोचवायला मी जाते, तेव्हा दारातच विचारतात, "अजून थोडे दिवस ठेवून घेता येणार नाही का?" विचारणारा कधी नवरा असतो, कधी भाऊ. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण बाहेर आल्यावर तिला खोली कोण देणार? काम? रेशनकार्डावर नाव?

गोष्टीतसुद्धा धोंड माणसांनीच सरकवली, बांधलेलं कापड माणसांनीच सोडलं. प्रत्येक गटाने जवळच्या रुग्णालयातल्या निदान एका बाईची जबाबदारी घ्यावी, एवढं मागायला मी आले आहे. आणि या कामाला भावांनाही बोलवा. हा भार पुन्हा बहिणींवरच नको.