म्हसवडच्या बायकांची बँक

सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी भाग. तिथल्या म्हसवड गावी एका लोहारकाम करणाऱ्या बाईला बचत खातं उघडायचं होतं. पावसाळ्याआधी झोपडीवर ताडपत्री घालायची, एवढीच तिची गरज. बँकेनं खातं उघडलं नाही. रक्कम फारच किरकोळ होती.

तेव्हा तिथल्या सामाजिक उद्योजक चेतना सिन्हा यांनी ठरवलं, बायकांचीच बँक काढू. बायकांनी भागभांडवल जमवलं, अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि नामंजूर झाला. कारण? अनेक प्रवर्तक महिला अंगठेबहाद्दर होत्या. मग त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईला रिझर्व्ह बँकेकडे गेल्या. मुद्दलावरचं व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे अधिकारी यंत्राशिवाय काढतील का, असं त्यांनी विचारलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

सामाजिक उद्योजकांपुढचा अडसर नेहमी पैशाचाच असतो असं नाही. नियम बनवताना गरीब माणूस कुणाच्या डोळ्यांसमोरच नसतो, हा अडसर मला जास्त मोठा वाटतो. बँकेत जायचं तर रोजगार बुडतो, म्हणून ही बँक दारात गेली. पुढे माणदेशीचं सामुदायिक रेडिओ केंद्रही उभं राहिलं.

श्रोतेहो, तुमच्या गावात अशी धडपड कुणी करत असेल, तर नुसतं कौतुक करू नका. सभासद व्हा, त्यांचा माल विकत घ्या, अर्ज अडला तर सोबत कचेरीत जा.