दोन गुंठ्यांतला विलो



टेबलाशेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या दोन मोळ्या आहेत. सभागृहात आल्यापासून तुमची नजर तिकडेच आहे. त्यांचं शेवटी सांगतो.

पत्रिकेत विषय छापलाय ‘विपिंग विलो : लागवड आणि निगा’. झाड कसं दिसतं ते सांगायला नको, काश्मीरला जाऊन आलेल्यांनी पाण्याच्या काठी पाहिलंच असेल. बॅटचा विलो वेगळा, आणि विलोच्या सालीपासून निघालेला धागा अ‍ॅस्पिरिनपर्यंत जातो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. नावाबद्दल मात्र एक सांगायला हवं. १७५३ साली लिनिअसनं त्याला ‘सॅलिक्स बॅबिलोनिका’ म्हटलं, ते बायबलच्या स्तोत्रातल्या बॅबिलोनच्या नदीकाठची झाडं मनात धरून. ती झाडं बहुधा पॉप्लरची होती असं आता मानतात. आपला हा विलो मूळचा चीनचा. फारसीत त्याला बेदे-मजनून म्हणतात, मजनूचा विलो. मला ते नाव जास्त पटतं, पण पुढे जाऊ या.

लागवड अवघड नाही. बोटाएवढी जाड, वीतभर लांब कांडी घ्या, दोनतृतीयांश मातीत खोचा आणि माती ओली ठेवा. मुळं फुटतात. पहिली दोन-तीन वर्षं काठीचा आधार द्या आणि एकच शेंडा सरळ वर न्या. शेंड्याची ओढ खाली वळण्याकडे असते, त्यामुळे माणसाच्या डोक्यावर जाईपर्यंत तो बांधावाच लागतो. पहिले दोन उन्हाळे आळं कोरडं पडू देऊ नका, नाहीतर पानांच्या कडा करपतात. पानं उतरतात तेव्हा थंडीत छाटणी करा. मावा येतो, खोडकिडा येतो. लाकूड ठिसूळ, वादळात मोठी फांदीसुद्धा मोडते. दीर्घायुषी झाड नव्हे हे. आणि घेताना नीट बघून घ्या. आमच्याकडे आलेल्या पहिल्या रोपाला तिसऱ्या वर्षी लाल ब्रश लागले. विलो म्हणून बॉटलब्रश दिला होता. (हशा)

मग मी कांडी मागवून खरा विलो लावला. परसात, मोरीचं पाणी जायचं त्या बाजूला, भिंतीपासून दहा फुटांवर. पाणी आयतं मिळेल असा हिशेब होता, आणि झाडानं तो माझ्यापेक्षा चांगला केला. वर्षाला चार-पाच फूट वाढ. पाचव्या वर्षी फांद्या जमिनीला टेकल्या. माझी नात त्या पडद्याच्या आत बसून अभ्यास करायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘अहो, तुमच्याकडे गारवा विकत मिळेल का?’

सातव्या वर्षी गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, न्हाणीघराचं पाणी उलटं वर आलं. प्लंबरमामा आले. चेंबर उघडलं, बांबूच्या पट्ट्या घातल्या, अर्ध्यावर अडकल्या. मग त्यांनी आकडा घातला आणि ओढायला लागले. ओढताहेत, ओढताहेत, आणि पाईपातून एक वेणी बाहेर येते आहे. तांबूस, ओली, केसांसारख्या बारीक मुळांची वेणी. अंगणात पसरली तेव्हा माझ्या दीड पुरुष भरली. मामा म्हणाले, ‘साहेब, पाईप फुटलेला नाही. सांधा पाझरत होता. झाडाला वास लागला.’

‘वास लागला’ हा शब्द मी विसरलेलो नाही. विलोचं मूळ धडधाकट पाईप फोडत नाही, पाझरणारा सांधा मात्र सोडत नाही. केसाएवढं आत शिरतं, आत गेल्यावर पसरतं. तीनदा लाईन साफ केली. चौथ्यांदा झाड तोडलं. नात दोन दिवस जेवली नाही. तो दोष झाडाचा नव्हता, जागा मी चुकीची दिली होती.

म्हणून आता हिशेब करा. घर, विहीर, सेप्टिक टँक, ड्रेनेज या सगळ्यांपासून विलो किमान ५० फूट लांब हवा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. तुमचा प्लॉट दोन गुंठ्यांचा, त्यात मधोमध घर. बसवून दाखवा ५० फूट! (हशा) हसू नका, मी हे मनापासून सांगतोय. या सभागृहातल्या शंभरातल्या नव्वद जणांनी घराच्या बागेत विलो लावू नये. शेततळं असेल, वाहतं पाणी असेल, त्यांनी अवश्य लावावा.

उरलेल्यांनी काय करायचं? मित्रहो, विलो आपल्याकडे आहेच. त्याला वाळुंज म्हणतात. या आडनावाचं कुणी आहे का इथे? दोन हात वर आले, छान. हाच विलो, सॅलिक्स टेट्रास्पर्मा. १७९८ साली रॉक्सबर्गनं त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी पाण्यात पाय सोडून उभा असतो. पानाची खालची बाजू पांढुरकी, वारा आला की सबंध झाड चमकून जातं.

मागून कुणीतरी विचारतंय, तो लोंबतो का? नाही. लोंबत नाही. ज्यांना पडदाच हवा त्यांचं समाधान वाळुंज करणार नाही. आणि मी विषय सोडलाय अशी पुढच्या रांगेत कुजबुज आहे, तीही ऐकू आली. विषय सोडलेला नाही. ज्या मुळांनी माझी ड्रेनेज लाईन भरली, तशाच मुळांनी वाळुंज ओढ्याची दरड बांधून ठेवतो. पावसाळ्यात ओढा फुगला की माती वाहून जाते कुठली? काठ उघडा असतो तिथली. आमच्या आजोळच्या ओढ्यावर चौदा वाळुंज होते. रस्ता रुंद करताना तोडले. पुढच्या काही पावसाळ्यांत मामांच्या शेताची कड ओढ्यात गेली. ती जागा मी डोळ्यांनी पाहिली आहे.

एकदा गेलेला वाळुंज आपोआप परत येणंही कठीण. त्याचं बी कापसासारखं उडतं, पण जेमतेम काही दिवस जिवंत राहतं. तेवढ्यात त्याला उघडा, ओला गाळ मिळायला हवा. काठाला काँक्रीट केलं की गाळ कुठला? त्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. एकाच झाडाच्या कांड्या सगळीकडे लावल्या तर बी धरणारच नाही...

कार्यवाहांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तांबेऱ्याबद्दल बोलायचं राहिलं, मोठ्या कुंडीतल्या विलोचंही. ज्यांना हवं त्यांनी नंतर भेटावं.

आता या मोळ्या. थंडीत तुरे आले तेव्हा मी झाडांना खुणा केल्या होत्या. शेतकऱ्याला विचारून काल सकाळी कांड्या काढल्या. लाल दोऱ्याची मोळी नराची, पांढऱ्या दोऱ्याची मादीची. प्रत्येकानं दोन्हीतली एकेक घ्यावी. एकट्या लाल दोऱ्याची कुणी नेऊ नये. घरी बादलीत चार बोटं पाणी घालून सावलीत ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांत बुडख्याला मुळं दिसतील. पहिला चांगला पाऊस झाला की गावच्या ओढ्यावर जा, पुराच्या धारेत नव्हे, काठाच्या ओल्या भागात खोचा. परसात नको.

एवढं लक्षात ठेवा, तिरका काप आहे ते बुडखं. तेच मातीत जायला हवं. सरळ काप वर. बाई, तुम्ही उलटी धरली आहे, हां, आता बरोबर. या, रांगेनं या.