वाघीण, सांधा आणि गावचा माल



रेल्वे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रवासी गाडी उभी राहते. तथापि रेल्वेच्या उत्पन्नाचा मोठा भार मालगाडीच वाहते. स्टेशनोस्टेशनी थांबून माल उचलणाऱ्या स्थानिक मालगाडीविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

मालगाडीच्या डब्यास आपण वाघीण म्हणतो. पूर्वी व्यापाऱ्यास एकच वाघीण मागविता येत असे. स्थानिक मालगाडी ती उचलून भुसावळसारख्या मोठ्या यार्डात पोचवी. तेथे मुक्कामाच्या ठिकाणानुसार वाघिणींची वर्गवारी होई. हेच शंटिंग. काही यार्डांत इंजिन वाघिणी उंचवट्यावर ढकलते. तेथून त्या उताराने घरंगळतात आणि सांधा ज्या रुळाकडे वळविलेला असेल त्या रुळावर जातात. लहान स्टेशनात हेच काम इंजिनाने पुढेमागे करून, झेंडीच्या इशाऱ्यावर चालते. दोन रूळ जेथे एकत्र येतात, त्याअलीकडील खुणेच्या आतच वाघीण उभी करावी लागते. अन्यथा शेजारच्या रुळावरील गाडीस धक्का बसेल. दोन वाघिणींच्या मध्ये शिरून साखळी जोडणाऱ्या कामगाराचा जीव तर सहकाऱ्याच्या एका इशाऱ्यावर अवलंबून असे.

ही पद्धत सोयीची, परंतु संथ होती. धावण्यापेक्षा वाघिणींचा काळ यार्डात उभे राहण्यातच अधिक जाई. म्हणून 1980 च्या दशकात संपूर्ण गाडी एकाच ठिकाणी भरून थेट मुक्कामी नेण्यावर भर देण्यात आला. वेग वाढला, मात्र सुमारे 42 बंद वाघिणींची धान्याची गाडी भरावयास जवळजवळ 2,600 टन माल लागतो. एवढा माल लहान गावाने कोठून आणावा? साहजिकच तो ट्रककडे वळला.

या अडचणीवर एक प्रयोग आपल्याच राज्यातून सुरू झाला. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल्वे निघाली. वाटेतील स्टेशनांवर थोडाही शेतमाल चढविण्याची मुभा तीत होती. त्याच वर्षी 28 डिसेंबरला शंभरावी गाडी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. अनेकांचा थोडाथोडा माल एकत्र आला तर गाडी भरते, हे त्यातून दिसले.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. खरिपाचे खत पूर्ण गाडीनेच रेक पॉइंटवर येते. ठरलेल्या मुदतीत ते उतरले नाही तर विलंब-आकार पडतो, वाघिणी अडकतात आणि पेरणीच्या तोंडावर खताची वाट पाहावी लागते. म्हणून हमाल, ट्रक व गोदामातील जागा यांची तजवीज गाडी येण्यापूर्वीच व्हावयास हवी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शंटिंग अवश्य दाखवावे. मात्र फलाटावरूनच, रूळ न ओलांडता.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण मालगाडीलाही लागू पडते.