कासवी माहेरी येते, मग जाते कोठे?



देवळात पाऊल टाकताना समोर दगडी कासव दिसते. त्याला हात लावून आपण पुढे जातो. कीर्तनातही ऐकतो, की कासवी दुरून नुसत्या नजरेने पिले पोसते. आज खऱ्या कासवीची गोष्ट ऐका. ती राहते समुद्रात. अमळनेरहून समुद्र लांब खरा. पण आपली बोरी तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. तेव्हा ती अगदीच परकी नाही.

या जातीचे नाव ऑलिव्ह रिडले. लांबी दोन-सव्वादोन फूट. थंडीच्या दिवसांत ही रात्री कोकणच्या वाळूवर येते. पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने झाकते आणि परत पाण्यात जाते. पिले निघायला दीड-दोन महिने लागतात. तोवर आई कुठल्या कुठे गेलेली असते. पिलांचे तोंडही ती पाहत नाही. कीर्तनातली कासवी निराळी, ही निराळी!

रत्नागिरी जिल्ह्यात वेळास नावाचे गाव आहे. पूर्वी तिथली अंडी माणसे उकरून नेत. उरलेली कोल्हेकुत्री खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरले आणि अंडी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात ठेवायची, पिले निघाली की समुद्रात सोडायची. फार चांगले काम झाले.

पण लेक बाळंतपणाला माहेरी येते ती थोड्या दिवसांसाठी. जन्म काढायचा सासरी. मागे आमच्या वर्गात हे सांगत होतो, तेव्हा एका आजीने विचारले, "मंग ती जास कोठे?" आजीने नेमके विचारले. इकडे अंडी राखली आणि तिकडे आईच मेली, तर काय उपयोग?

हे शोधायचे कसे? समुद्रात पाऊलवाट नसते. मग एक युक्ती काढली. कासवीच्या पाठीवर एक लहान यंत्र चिकटवायचे. कासवाला श्वास घ्यायला पाण्यावर यावेच लागते. ती वर आली, की यंत्र आकाशातल्या उपग्रहाला निरोप देते. उपग्रहाकडून तो माणसाला कळतो. मग नकाशावर ठिपका मांडायचा. ठिपके जोडले, की झाली वाट!

२०२२ साली वनखात्याचे कांदळवन प्रतिष्ठान आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी कोकणात पाच कासवींना अशी यंत्रे लावली. पहिली वेळासची. तिचे नाव ठेवले प्रथमा. बाकीच्या सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. प्रथमा उत्तरेला गुजरातच्या पाण्यापर्यंत गेली. काही दक्षिणेला कर्नाटकाच्या बाजूस गेल्या. लक्ष्मीचा निरोप लवकरच थांबला. यंत्र गळून पडले, बिघडले, की कासवीच गेली, हे दूर बसून सांगता येत नाही. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री निघाली. ती केरळ, कन्याकुमारी करीत श्रीलंकेपर्यंत पोचली.

जिथे खेकडे, कोळंबी, गोगलगाई मिळतात, तिथे कासवी रेंगाळते. पण तिथेच कोळ्यांची जाळीही पडतात. मोठ्या जाळ्यात अडकलेल्या कासवीला वर येता येत नाही. पाण्यात राहणारा जीव पाण्यातच गुदमरून मरतो. पण कोळ्याला तरी दोष कसा द्यावा? जाळे कापून तिला सोडायचे, तर त्याचे नुकसान. म्हणून २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अशा कोळ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायचे ठरवले. कासवाला बाहेर पडायला वाट ठेवलेली जाळीही निघाली आहेत. पण ती वापरायची कुठे, कोणत्या महिन्यात जपायचे, हे ठिपक्यांवाचून कसे कळणार?

आणखी एक नवल सांगतो. आपल्या गुरांच्या कानात बिल्ला असतो ना? तसा नंबराचा बिल्ला ओरिसात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर, एका कासवीच्या पायाला मार्च २०२१ मध्ये लावला होता. नंबर ०३२३३. ओरिसा म्हणजे देशाचा पूर्व किनारा. तीच कासवी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला, पश्चिम किनाऱ्यावर, अंडी घालताना सापडली! वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची. अमळनेरहून मुंबईला दहा वेळा जावे, इतकी. पूर्वेची कासवे पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला, असे पुष्कळ जाणते लोक धरून चालले होते. हिने तर दोन माहेरे केली.

तिच्या पाठीवर यंत्र नव्हते. नुसता नंबर होता. मधली चार वर्षे ती कुठे राहिली, काय खाल्ले, कोणाच्या जाळ्यातून वाचली, ते तिचे तिलाच ठाऊक.