भूगर्भातील वायूचे गणित
(शतसांवत्सरिक व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



आडात दोर सोडून पाण्याची खोली सांगता येते. समुद्रतळाखालील नैसर्गिक वायूच्या बाबतीत तशी सोय नाही. तो एखाद्या गुहेत कोंडलेला नसतो. वालुकाश्माच्या कणाकणांमधील सूक्ष्म छिद्रांत असतो. म्हणून त्याचा साठा मोजता येत नाही, अदमासावा लागतो.

या अदमासाच्या मुख्य रीती दोन. पहिलीत खडकाचा विस्तार, जाडी, सच्छिद्रता आणि छिद्रांतील पाण्याचा अंश यांवरून हिशेब मांडतात. ही माहिती कृत्रिम कंपनलहरींच्या सर्वेक्षणातून व मोजक्या विहिरींतून मिळते. उरलेला प्रदेश तर्काने भरावा लागतो. संगणक ही अनिश्चित मूल्ये हजारो वेळा पालटून गणित करतो. त्यामुळे उत्तर एक येत नाही. किमान, मध्यम व कमाल असा पल्ला येतो. दुसरी रीत उत्पादन सुरू झाल्यानंतरची. किती वायू काढला असता दाब किती उतरला, यावरून मूळ साठा ताडतात व संगणकातील प्रतिकृती सुधारतात.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील धीरूभाई १ व ३ या क्षेत्रांचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. त्यांचा शोध २००२ साली लागला. २००६ च्या विकास-आराखड्यात दररोज ८ कोटी घनमीटर वायू अपेक्षिला होता. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले, २०१० मध्ये ते ६ कोटींच्या आसपास पोहोचले आणि मग उतरणीस लागले. दाब घटला, विहिरींत पाणी व वाळू शिरली. रिलायन्स कंपनीने भूगर्भाच्या गुंतागुंतीकडे बोट दाखविले. ठरल्यापेक्षा कमी विहिरी खोदल्या, असा सरकारचा आक्षेप होता. वाद लवादापुढे गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये या क्षेत्रांतील उत्पादन थांबले. दरम्यान, या वायूच्या भरवशावर उभारलेली विद्युत्केंद्रे इंधनाअभावी थंडावली होती.

येथील वाळू प्राचीन प्रवाहांच्या पात्रांत साचलेली आहे. अशी पात्रे नकाशावर सलग दिसली, तरी मध्ये चिखलाचे थर असल्यास एका विहिरीला शेजारचा वायू मिळत नाही. ही जोडणी कशी आहे, हे संगणकाला सांगावे लागते. तो ती स्वतः शोधून काढीत नाही.

तेव्हा वृत्तपत्रात साठ्याचा मोठा आकडा वाचताना सुजाण नागरिकाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हा आकडा पल्ल्याच्या कोणत्या टोकाचा आहे आणि किती विहिरींच्या दाबाने तो पडताळला आहे? त्यांची उत्तरे मिळेपर्यंत त्या आकड्यावर कारखाने उभारण्याची घाई करू नये.