वाळवंटातला पाट

आखाती देश म्हटले की आपल्या मनात दोन चित्रे उभी राहतात. एक उंटांच्या तांड्याचे, आणि दुसरे तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या गगनचुंबी इमारतींचे. ओमान देश पाहून आलेल्या माणसाला ही दोन्ही चित्रे थोडी बदलून घ्यावी लागतात. मुंबईहून विमानाने निघाले की अडीच-तीन तासांत मस्कत येते. एका अंगाला काळेकरडे उघडेबोडके डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पांढरीशुभ्र, बेताच्या उंचीची घरे. फार उंच इमारती बांधायच्या नाहीत, असा तिथला दंडकच आहे.

हे शहर आपल्याला अगदीच परके नाही. पोर्तुगीजांनी ते १५०७ साली घेतले आणि अरबांनी १६५० साली त्यांना तिथून हुसकून लावले. त्याच पोर्तुगीजांकडून वसई घ्यायला आपल्याला १७३९ साल उजाडावे लागले. मस्कतच्या बाजारात तर १९७० पर्यंत रुपयाच चाले. १९५९ पासून आपली रिझर्व्ह बँक आखाती देशांसाठी निराळ्या नोटा छापत असे. त्याच १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले. तेव्हा साऱ्या देशात डांबरी रस्ता होता सुमारे दहा किलोमीटर, आणि शाळा होत्या तीन! २०२० साली ते वारले, तोवर देशाचा कायापालट झाला होता. रुंद रस्ते, विद्यापीठ, इस्पितळे, आणि २००१ साली पुरी झालेली ती भव्य मशीद. तिला लागलेला वालुकाश्म आपल्या भारतातूनच गेला आहे, बरे का!

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. मस्कतहून सुमारे दीडशे किलोमीटरवर निझवा नावाचे जुने गाव आहे. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे, त्याने मोटारीने मला तिथे नेले. वाटेत दोन्ही बाजूंना गवताचे पातेही नसलेले डोंगर. मस्कतला वर्षाकाठी पाऊस पडतो सरासरी शंभर मिलिमीटर, आणि आपल्या पुण्यात सातशेच्या आसपास. अशा मुलखात एका वळणावर एकदम खजुरीच्या दाट बागा समोर येतात. हे पाणी आले कुठून?

ते येते 'फलज'मधून. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल मूळ विहीर खणायची, आणि तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा काढायचा. उतार इतका बेताचा, की पाणी आपसूक वाहत यावे. मोट नाही, पंप नाही. बोगदा साफ करायला उतरता यावे म्हणून मध्ये मध्ये उभी भोके ठेवायची. असे तीन हजारांवर फलज तिथे आजही वाहते आहेत. त्यांतले पाच २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. निझव्याचा 'दारिस' त्यांपैकीच एक.

हे बांधकाम कौतुकाचे खरेच, पण त्याहून कौतुक वाटले ते वाटणीचे. पाणी गावात शिरते तिथे पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. तिथे कोणीही यावे आणि घडा भरून न्यावा. मग मशीद, मग आंघोळीच्या जागा, मग खजुरीच्या बागा आणि सर्वांत शेवटी हंगामी पिके. बागाईतदारांच्या पाळ्या वेळेवर मोजायच्या. एक पाळी साधारण अर्ध्या तासाची. दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ती मोजीत. आता मनगटी घड्याळ आले आहे, पण पाळी तीच. काही पाळ्या खुद्द फलजच्या नावावर असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून दुरुस्ती चालते. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीत पाटकरी हेच काम करीत आला आहे.

दुष्काळ पडला तर? त्याचाही निवाडा आधीच झालेला असतो. हंगामी शेते पडीक ठेवायची, खजूर जगवायचा. पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. म्हणजे पाणी आटल्यावर भांडण सुरू करायचे, असा प्रकार नाही. कोणी आधी थांबायचे हे पाणी भरपूर असतानाच ठरलेले असते.

आता आपल्याकडे पाहू. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरात पाणी आणले होते. त्या नळालाही साफसफाईसाठी उच्छ्वास होते, आणि पेठांतल्या हौदांवर लोक घागरी भरीत. फडके हौद, बदामी हौद ही नावे उरली आहेत, आपण ती पत्ता सांगण्यापुरती वापरतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर आज आपली तहान भागते, आणि त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरची शेतीही चालते. मग दर उन्हाळ्यात कालव्याला किती आणि शहराला किती, यावर घासाघीस होते. शहराच्या कडेला टँकरची रांग लागते. आणि आपण मोटारी धुतच असतो!

ओमानातही सारे आलबेल आहे असे नाही. पंप आले, खोल विहिरी झाल्या, भूजल खाली गेले आणि काही फलज कोरडे पडले. मस्कतची तहान आता मुख्यतः समुद्राचे पाणी गोडे करून भागवली जाते, आणि त्याला पैसा लागतो. म्हणून तिथल्या सरकारने फलजच्या मूळ विहिरीजवळ नवी विहीर खणायला बंदी केली आहे. एकाने आपल्या आवारात खोल खणले तर साऱ्या गावाचा पाट आटतो, हे त्यांना पटले आहे. आपल्या सोसायट्यांतून दरवर्षी नवे बोअर घेतले जातात, तेव्हा शेजारच्या विहिरीचा विचार कोण करतो?

त्यांच्यासारखे बोगदे आपण खणावेत, असे माझे म्हणणे नाही. आपली जमीन निराळी, आपला पाऊस निराळा. पण टंचाईत कोणाची पाळी आधी आणि कोणी आधी थांबायचे, हे धरणे भरलेली असताना, श्रावणात बसून ठरवायला आपल्याला कोणाची हरकत आहे? चैत्रात ती चर्चा करू गेलो, तर तिचे भांडण होते, आणि त्या भांडणात ज्याच्या हाती घागर आहे त्याचा आवाज सर्वांत शेवटी ऐकू येतो.